हळदी-बारशाच्या डीजेसाठी पहिला सेट

सुरुवात स्पीकरपासून करा, लाइटपासून नव्हे. शंभरेक माणसांच्या हॉलला १२ इंची दोन अ‍ॅक्टिव्ह स्पीकर पुरतात. अ‍ॅम्प्लिफायर आतच असल्याने वेगळं ओझं नाही. खोक्यावरच्या 'पीक' वॅटवर भुलू नका, आरएमएस (सतत पेलणारी ताकद) आकडा बघा. स्टँडवर चढवून आवाज डोक्यांच्या वरून जाऊ द्या, नाहीतर पुढची रांग कान झाकते आणि मागे काहीच पोचत नाही.

कंट्रोलर (लॅपटॉपवरची गाणी मिसळायचं यंत्र) दोन चॅनेलचा चालेल, पण मागे एक्सएलआर (तीन पिनांचं) आउटपुट हवंच. आरसीए (घरच्या टीव्ही-डेकची लाल-पांढरी) वायर दहा मीटर ओढली की गुणगुण पकडते. तरीही 'हंऽऽ' येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून पाहा. आवाज थांबला, तर दोष अर्थिंगच्या लूपचा, म्हणजे दोन वाटांनी जोडल्या गेलेल्या अर्थिंगचा. सगळं एकाच बोर्डावरून घ्या. तेवढ्यानं भागलं नाही तर कंट्रोलर आणि स्पीकरच्या मध्ये ऑडिओ आयसोलेटर टाका, तो आवाज जाऊ देतो पण हा लूप तोडतो. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका, मंडपातल्या ओल्या जमिनीवर ते जिवावर बेतेल.

एक्स्टेन्शन २.५ चौ. मिमी तांब्याच्या वायरचं घ्या आणि वापरताना पूर्ण उलगडा. गुंडाळलेलं तापतं.

कंट्रोलरवर मास्टरचा (एकूण आवाजाचा) लाल दिवा लागू लागला की गेन (सिग्नलची पातळी) खाली. फाटलेला सिग्नल ट्वीटर (स्पीकरमधला बारीक सुरांचा भाग) जाळतो.

माइक वायरचा, एक जादा. आहेराची नावं पुकारताना वायरलेसचे सेल हमखास संपतात.

रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर बंद, हे सुपारी घेतानाच सांगा.