हिंदी लिहायला शिकताय? मराठीवाल्यांनी आधी हे बघा

लिपी देवनागरीच आहे, मग शिकायचं काय, असं आपल्याला वाटतं आणि तिथेच गडबड होते, कारण अक्षरं ओळखीची असली तरी ती वापरायची पद्धत बऱ्याच ठिकाणी वेगळी आहे. त्यामुळे क, ख, ग पासून सुरू करू नका, फक्त फरक पकडा.

सगळ्यात आधी नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब. ड़ आणि ढ़ हे रोज लागतात, सड़क, लड़का, पेड़, पढ़ना. जीभ वर वळवून पटकन खाली आपटायची, आपण 'गाडी' म्हणताना साधारण तेच करतो, फक्त आपण टिंब देत नाही. शब्दाच्या सुरुवातीला ड़ कधीच येत नाही, म्हणून डर, डाल असंच लिहायचं, आणि अंडा, लड्डू यातही टिंब नाही. क़, ख़, ग़, ज़, फ़ हे अरबी-फारसीतून आलेल्या शब्दांत असतात, ज़ आणि फ़ इंग्रजी शब्दांतही. यांचे टिंब बरेच जण गाळतात, पण शिकताना ते द्यावेतच असं माझं स्पष्ट मत आहे, कारण राज म्हणजे सत्ता आणि राज़ म्हणजे गुपित, सजा म्हणजे सजलेला आणि सज़ा म्हणजे शिक्षा.

आता वरचा टिंब. इथे मराठी माणूस हमखास फसतो, कारण आपल्या केलं, झालं मधला टिंब नाकात बोलला जात नाही, आणि हिंदीत नहीं, में, हैं यातला नाकातच बोलायचा असतो. है एकवचन, हैं अनेकवचन किंवा आदरार्थी, म्हणजे टिंब विसरला की वाक्याचं व्याकरणच चुकलं. चंद्रबिंदूही असतो, हँसना म्हणजे हसणं पण हंस म्हणजे पक्षी. शिरोरेषेच्या वर मात्रा आली तर जागा नसते म्हणून चंद्रबिंदूऐवजी साधा टिंब देतात, में, मैं, नहीं हे त्यातलेच. आणि हो, में म्हणजे 'मध्ये' आणि मैं म्हणजे 'मी', एका मात्रेचा फरक आहे, नीट बघा.

ऐ आणि औ आपण अइ, अउ असे म्हणतो, पण हिंदीत पैसा जवळपास 'पॅसा' आणि और 'ऑर' सारखा ऐकू येतो. भैया, कौआ असे थोडे शब्द मात्र आपल्यासारखे. च आणि ज हिंदीत नेहमी तालव्यच, म्हणजे चावल मधला च आपल्या 'चिमणी'तला, 'चमचा'तला नाही. ज्ञ चा उच्चार ग्य, कृपा चा क्रिपा. ळ प्रमाण हिंदीत नाहीच, फळ चं फल, काळा चं काला.

ऱ्हस्व-दीर्घ मात्र मराठीच्या सवयीने लिहू नका प्लीज. आपण शक्ती, शांती, गुरू लिहितो, हिंदीत शक्ति, शांति, गुरु. पण पानी, नदी दीर्घच. कि आणि की तर रोज लागतात, 'उसने कहा कि' मध्ये ऱ्हस्व आणि 'राम की किताब' मध्ये दीर्घ.

अजून एक गोष्ट म्हणजे स्पेस. आपण रामाने, घरात असं जोडून लिहितो, हिंदीत नामापासून तोडून, राम ने, घर में, लड़के को. सर्वनाम असेल तर मात्र जोडून, उसने, मुझको, इसमें. वाक्य संपलं की टिंबाऐवजी उभी रेघ । देतात.

सरावासाठी हिंदी बातमीतला एक परिच्छेद घ्या, मोठ्याने वाचा, मग न बघता टाइप करा आणि मूळ मजकुराशी ताडून बघा, त्यात फक्त टिंब आणि स्पेस तपासा, बाकी सोडा. मोबाईलवर हिंदी कीबोर्ड वेगळा टाका कारण मराठीच्या कीबोर्डवर ड़, ढ़ शोधण्यात वेळ जाऊ शकतो, आणि सुटा नुक्ता असेल तर आधी अक्षर टाइप करून मग तो द्यायचा.