दर बदलला, पण भाडे तेच!

मासुंदा तलावाजवळच्या आमच्या घरी पावसाळ्यात दोन रविवार घालवले ते ज्युपिटर एसच्या एम्युलेटरवर, म्हणजे त्या जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर. १९८२ चा हा ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटर. त्या काळी घरोघरच्या कॉम्प्युटरवर बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा असताना यात मात्र फोर्थ भाषा. मूळ मेमरी फक्त ३ केबी.

पहिल्यांदा फोर्थ उलटीच वाटते. आधी आकडे, मग क्रिया: ५ ३ + . लिहिलं की ८ (शेवटचा टिंब म्हणजे 'उत्तर दाखव'). आकडे स्टॅकवर एकावर एक रचले जातात, डब्यांच्या चळतीसारखे. अर्ध्या तासात हात बसला आणि मला ती फार आवडली.

मग अडलो. रिक्षाभाड्याचा खेळ म्हणून दोन शब्द केले (फोर्थमध्ये आपण बनवलेल्या आज्ञेला शब्द म्हणतात): 'दर' म्हणजे १०, आणि 'भाडे' म्हणजे दर *. ३ भाडे . दिल्यावर ३०. दर नव्याने १२ लिहिला, तरी ३०च! तासभर भाडेच तपासत बसलो. दोष तिथे नव्हताच. 'भाडे' बनलं तेव्हाच त्यात जुन्या 'दर'चा पत्ता कायमचा बसला होता. नवा 'दर' शब्दकोशात, म्हणजे मशीनमधल्या शब्दांच्या यादीत, शेवटी जाऊन बसतो, जुना जागचा हलत नाही.

उपाय एसमध्येच आहे: नवा दर लिहिल्याबरोबर 'रिडिफाइन दर'. सर्वात शेवटी केलेला शब्द जुन्याची जागा घेतो, म्हणून मध्ये दुसरं काही लिहू नका. आता ३ भाडे . दिलं की ३६ येतात.