वराहपालनातला नफा पहिल्याच आठवड्यात निसटतो: या चुका टाळा

वजन वाढत नाही म्हटले की बहुतेक जण आधी महाग खाद्य आणतात. छोट्या कळपाचे मोठे नुकसान मात्र त्याआधीच, पिले जन्मल्यावरच्या पहिल्या काही दिवसांत झालेले असते.

पिलू आईखाली चिरडले की दोष आईला दिला जातो. पुष्कळदा खरे कारण गारठा असतो. गारठलेले पिलू सुस्त होते आणि उबेसाठी आईला चिकटून पडते. नवजात पिलाला ३० ते ३४ अंश ऊब हवी, मादीला मात्र १८ ते २० अंश पुरतात. म्हणून सगळी शेड तापवू नका. कोपऱ्यात फळीचा आडोसा करा, कोरडा पेंढा घाला, वर दिवा टांगा. पिले एकमेकांवर चढून झोपली तर ऊब कमी. दिव्यापासून लांब पांगली तर जास्त. भिंतीपासून आणि जमिनीपासून २० ते २५ सेंटीमीटरवर आडवा पाइप बसवला की मादी अंग टाकताना पिलाला निसटायला जागा राहते. आणि चीक, म्हणजे व्यायल्यावरचे पहिले घट्ट दूध, पहिल्या सहा तासांत पिलाच्या पोटात गेलाच पाहिजे.

सिमेंटच्या फरशीवरची पिले दोन-तीन आठवड्यांत पांढुरकी पडून धापा टाकू लागली, तर ती लोहाची कमतरता. तिसऱ्या दिवशी मानेत २०० मिलिग्रॅम लोहाचे इंजेक्शन द्या. मादीला लोह चारून हे भागत नाही, ते दुधात फारसे उतरतच नाही.

व्यायल्यावरही मादीला गाभणपणातले दोन-अडीच किलोच खाद्य दिले, तर ती खंगते आणि पिलांचे दूध तोडल्यावर वेळेवर माजावर येत नाही. दूध पाजताना २ किलो, शिवाय दर पिलामागे अर्धा किलो, हळूहळू वाढवत. पाणी दिवसाला २० ते ४० लिटर. दूध आटले की आधी पाण्याचा नळ तपासा, औषध नंतर.

खरकटे फुकट मिळते, पण त्यातल्या मांसाच्या तुकड्यातून आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा रोग येऊ शकतो. त्यावर इलाज नाही. कायद्याने मनाई नसेल तरच द्या, तेही ढवळत ३० मिनिटे खळखळ उकळून. नवे जनावर ३० दिवस वेगळे बांधा, त्याचे खाणेपिणे आणि साफसफाई बाकीच्यांनंतर, शेवटी करा. कळपात ताप आणि मर सुरू झाल्यावर उरलेली घाईने विकणे ही सर्वांत वाईट चूक. रोग गाडीतून पुढच्या गावात पोहोचतो.

साधारण १०० किलोनंतर खाद्य चरबीत जाऊ लागते, तेव्हा विक्री लांबवू नका. कत्तलीआधी १२ तास खाद्य बंद, पाणी चालू. हाकताना काठी नको, बिथरलेल्या जनावराचे मांस फिके पडते आणि पाणी सोडते.