‘हेलिकॉप्टर येईलच’ या भरवशावर होणाऱ्या चुका

हिमालयातल्या ट्रेकआधीच्या मीटिंगमध्ये कुणाची तरी आई हमखास विचारते, “अगदीच काही झालं तर हेलिकॉप्टर येतं ना हो?” येतं. पण हवा उघडल्यावर. आणि माणसं अडकतात ती हवा बिघडल्यावर.

जून 2024 मध्ये उत्तराखंडच्या सहस्रताल ट्रेकवर 22 जणांचा गट परतीच्या वाटेवर बर्फाच्या वादळात सापडला. बहुतेक कर्नाटकातून आलेले, एक महाराष्ट्रातून, तिघे स्थानिक गाइड. वादळ आलं 3 जूनला. हवाई दलाची चेतक आणि चीता हेलिकॉप्टरं लोकांना काढायला पोचली 5 जूनला. नऊ जण गेले. मधला काळ ज्याचा त्यालाच काढावा लागतो, आणि चुका तिथेच होतात.

आभाळ फक्त डोक्यावरचं बघणं. ऑक्टोबर 2014 मध्ये हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. दोनच दिवसांत त्याच्या उरलेल्या ढगांनी नेपाळात अन्नपूर्णा परिसरात तुफान बर्फ टाकलं आणि 40 हून जास्त माणसं गेली. थोरांग ला खिंडीत (5,416 मीटर) काही जण खोपटातला आडोसा सोडून हिमवादळात खाली उतरायला निघाले आणि वाटेतच अडकले. हेलिकॉप्टरं आली ती आभाळ मोकळं झाल्यावर. बंगालच्या उपसागरात वादळ असेल तर हिमालयातला ट्रेकलीडर एक दिवस थांबू म्हणतो. त्याच्याशी सुट्टीवरून हुज्जत घालू नका.

मदत मागवली आणि जागा सोडली. ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक. कळवलेल्या जागी माणूस नसला तर पायलटला दरी-दरी हुडकत बसावं लागतं. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे इंजिनाची ताकद आणि पंख्याची उचल दोन्ही कमी. म्हणून मोजकं इंधन आणि मोजकीच माणसं घेतात. दुपारी ढग चढतात, म्हणून बहुतेक उड्डाणं सकाळची. तुम्ही ‘जरा खाली सरकलो’ म्हणता, तेवढ्यात सकाळ संपते.

जागा सांगताना घोळ. फोनवर 30 अंश 51 मिनिटं असं दिसतं आणि घाईत माणूस सांगतो “तीस पॉइंट एक्कावन्न”. खरं तर ते 30.85. फरक जवळपास 38 किलोमीटरचा! अंश-मिनिटं आहेत की दशांश, ते शब्दांत सांगा आणि समोरच्याकडून परत वाचून घ्या. त्यानंतर एकच फोन चालू ठेवायचा, बाकी सगळे बंद. नाहीतर मावशी, काका आणि सोसायटीचा ग्रुप मिळून बॅटरी संपवतात.

परदेशातल्या मित्राने दिलेला सॅटेलाइट फोन किंवा मेसेज पाठवणारं यंत्र सोबत नेऊ नका. भारतात परवान्याशिवाय ते बेकायदा आहे, आणि त्यापायी परदेशी ट्रेकर पोलिसांच्या ताब्यात गेलेले आहेत.

हात हलवणं. आपल्याला टाटा करायची सवय. पण एक हात वर आणि एक खाली याचा अर्थ ‘मदत नको’. मदत हवी असेल तर दोन्ही हात वर, इंग्रजी वाय अक्षरासारखे, आणि तसेच धरून ठेवायचे. बाकीच्यांनी खाली बसावं. अंधारात किंवा धुक्यात शिट्टी अथवा टॉर्चने मिनिटाला सहा इशारे, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा.

हेलिकॉप्टर दिसताच धावत सुटणं. पंख्याच्या वाऱ्याने कॅरीमॅट, पॉन्चो, टोपी, रिकामा टेंट सगळं उडतं आणि पंख्यातही जातं. आधी सगळं आवरून दगडाखाली दाबा. खुणेशिवाय पुढे जायचं नाही. शेपटीकडून कधीच नाही. उतारावर यंत्राच्या खालच्या बाजूने जायचं, कारण चढाच्या बाजूला फिरतं पातं डोक्याच्या उंचीवर येतं. वरून तारेने हुक सोडला तर तो आधी जमिनीला टेकू द्या, नाहीतर स्थिर विजेचा झटका बसतो.

विम्याचं थोडक्यात: पॉलिसीत उंचीची मर्यादा किती, ते निघण्याआधी वाचा. नेपाळात उड्डाणाआधीच पैसे कोण देणार ते विचारतात.

आता सह्याद्री. जुलै 2023 मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा हेलिकॉप्टरं तयार होती, पण हवेमुळे उडू शकली नाहीत. बचावपथकं चिखलातून पायीच वर गेली. केरळात मलमपुळाजवळ फेब्रुवारी 2022 मध्ये कड्याच्या कपारीत अडकलेल्या तरुणापर्यंत, पाऊस नसतानाही, तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर पोचू शकलं नाही. शेवटी लष्कराच्या जवानांनी दोर लावून त्याला वर घेतलं. पावसाळ्यात आपल्या घाटात अडकलात तर 112 लावा आणि पायथ्याच्या गावात कळवा. लोणावळ्याच्या शिवदुर्गसारख्या संस्थांची पोरं दोर आणि स्ट्रेचर घेऊन चालत येतात, त्याला कित्येक तास लागतात. तोवर ओले कपडे काढून कोरडे घाला, सॅक बुडाखाली घ्या, एकमेकांना चिकटून बसा. कुडकुडणारा माणूस अचानक कुडकुडायचा थांबला आणि बरळायला लागला, तर तो बरा झाला असं समजू नका. त्याला मधे घ्या.