कायरोनोमिडची अळी: डोकं उताणं ठेवा, उताणं!

कायरोनोमिडवर डिझर्टेशन घेतलंय? ही चिलटं चावत नाहीत पण डोकं खातात, आधीच सांगून ठेवते.

माझं सॅम्पलिंग गोदावरीत, नाशिकच्या सोमेश्वरच्या खाली आणि नांदूर मधमेश्वरला. गाळ चाळणीत धुतला की लाल अळ्या वळवळायच्या, आणि मी खुशाल लिहायचे 'कायरोनोमस', म्हणजे कायरोनोमिडमधलाच एक जीनस (जवळच्या जातींचा गट). चूक. लाल रंग हिमोग्लोबिनचा, तो त्यांच्या बऱ्याच भाऊबंदांत असतो आणि अल्कोहोलमध्ये उडतो. हिरव्या-पिवळट अळ्याही कायरोनोमिडच असतात, त्या मी गाळासकट फेकल्या.

पण मला बुडवलं ते स्लाइडने. अळी ओळखायची ती डोक्याच्या पोटाकडच्या बाजूने, तिथे मेंटम असतो, म्हणजे दातेरी पट्टी, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पंख्यासारख्या बारीक रेषांच्या प्लेट्स. म्हणून डोकं धडापासून तोडायचं, 10 टक्के केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) आतलं मांस विरघळेपर्यंत ठेवायचं, धुवायचं आणि उताणं ठेवून कव्हरस्लिप हलकेच दाबायची. मी घाईत ठेवायचे, काही पालथी, काही कुशीवर. कुशीवरच्या डोक्यात अर्धेच दात दिसतात, प्लेट धड दिसत नाही, आणि रेषाळ प्लेट नाही म्हणून मी सरळ ऑर्थोक्लाडिनी, म्हणजे अशी प्लेट नसलेलं दुसरं उपकुळ, लिहीत गेले! 42 स्लाइड. गाइडनी दुसऱ्या अळ्या नीट माउंट करून दाखवल्या तर मधला तीन टोकांचा दात आणि बाजूला सहा-सहा दात, ढळढळीत कायरोनोमस. त्या रात्री रडले. तेव्हा कव्हरस्लिप टाकण्याआधी एकदा मायक्रोस्कोपच्या लो पॉवरखाली बघा, कललं असेल तर सुईने वळवा, बाल्सम (स्लाइड चिकटवायचा डिंक) सुकल्यावर काही होत नाही. आणि झिजलेल्या दातांवरून नवी जात शोधू नका, घासून घासून ते बोथट होतात.

फोटोशी फोटो जुळवून नाव देणारे सीनियर भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. की, म्हणजे एकेक लक्षण तपासत नावापर्यंत नेणारा तक्ता, घेऊन बसा. मात्र परदेशी की वापरताना आपली अळी जीनसवर अडली तर तुम्ही ढ आहात असं नाही, सगळ्यांचं होतं.

जातीपर्यंत जायचं तर अळी वाढवा. एका वायलमध्ये (छोट्या काचेच्या बाटलीत) एकच अळी, थोडा गाळ, तोंडाला कापूस. आमच्या खिडकीत अशा वायल बघून आई म्हणाली, लोक डास मारतात, तू पाळतेस. पिसासारख्या मिशांचा नर निघाला तर नशीब, कारण जात ठरते ती बहुतेक त्याच्या शेपटाकडच्या अवयवांवरून. पण त्या आनंदात वायल धुऊ नका, अळीची कात आणि कोषाची कात तळाशी किंवा पाण्यावर असते, ती त्याच नंबरने ठेवा.