साथीच्या भीतीत घरच्या घरी गाऱ्हाणं कसं घालायचं

2020 च्या मार्चमध्ये देवळं बंद झाली ती राज्यात 16 नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला उघडली. तोपर्यंत कोकणातल्या माणसाने देवाशी बोलायचं बंद केलं होतं का? अजिबात नाही, फक्त जागा बदलली. पुन्हा कधी असा घाबरवणारा काळ आला तर काय करायचं ते सांगतो.

आधी वेळ ठरवा. तिन्हीसांजेला दिवा लावायची वेळ बेस्ट, टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. बातम्या दिवसातून एकदा बघा, त्याच्या वर नको, दर तासाला आकडे बघून कोणाचा ताप उतरत नाही.

मग गाऱ्हाणं, म्हणजे आपलं दुखणं देवापुढे बोलून मांडणं. मनातल्या मनात 'सगळ्यांचं भलं कर' म्हणून मोकळं होऊ नका, त्याने भीती जागची हलत नाही. ज्याची भीती वाटते ते नाव घेऊन, मोठ्याने, आपल्या भाषेत. "बा देवा म्हाराजा, झील (मुलगो) माझो मुंबैक अडाकलो आसा, तेचो ताप उतरू दे, घरातल्या म्हाताऱ्यांका सांभाळ रे म्हाराजा!" आणि बाकीच्यांनी जोरात "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. माझ्या मते अर्धं काम इथेच होतं, कारण रात्रभर एकट्याने छातीवर घेऊन बसलेली गोष्ट आता चार जणांची झालेली असते. रडू आलं तर येऊ दे, देवावर राग आला तर तोही बोलून टाका, तो काय गावच्या मानकऱ्यांसारखा रुसणार नाही.

घरात एकटेच असाल तर व्हिडिओ कॉलवर करा, आणि पावसात रेंज गेली (जाणारच) तर व्हॉइस नोट टाका.

त्यानंतर दहा मिनिटं नामस्मरण, पण सावकाश, प्रत्येक वेळी नाम घेताना श्वास पूर्ण सोडत. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, रोझरी (ख्रिस्ती जपमाळ) आणि मंत्र म्हणताना लोकांचा श्वास मिनिटाला साधारण 6 वर येत होता, एरवी तो 12 ते 20 असतो. म्हणजे वेंगुर्ल्याची आजी माळ ओढते आणि शेजारची मावशी रोझरी म्हणते, दोघींचा जीव एकाच पद्धतीने शांत होतो.

नवस बोलायचाच तर फेडता येईल असा बोला. प्रथा बदलली म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. 2020 च्या आषाढीच्या आदल्या दिवशी, 30 जूनला, संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि त्या वर्षी घरगुती गणपतीला 2 फुटांची मर्यादा होती, तरी आरती झालीच ना.

अंगारा कपाळाला लावा, पण ऑक्सिमीटरवर आकडा 94 च्या खाली दिसला तर गाऱ्हाणं नंतर, आधी डॉक्टर. याच्यात वाद नको.

आणि उठल्यावर रोज एक काम करा. वाडीत कोणाच्या घरी क्वारंटाईन असेल तर उंबऱ्यावर पेजेचा डबा नि लोणचं ठेवून या, लांबून हाक मारा, "खाल्लास काय?" विचारा. मुंबईहून आले म्हणून शाळेत क्वारंटाईन ठेवलेल्या चाकरमान्यांनाही तेच. त्यांच्याशी नीट बोला, नुसतं 'बरं आहे ना' नको. ते बिचारे गावाला घाबरलेले असतात नि गाव त्यांना, मग संध्याकाळच्या गाऱ्हाण्यात त्यांचंही नाव घ्या.