व्हेरिएबलच्या नावांचा घोळ आणि स्कोप : या चुका टाळा

पायथनमधे यादीला नाव सुचलं नाही की लिस्ट असंच नाव देऊन मोकळं व्हायचं, ही चूक मीही बरेच दिवस केली. त्रास असा की पायथनचं स्वतःचं लिस्ट फंक्शन त्या नावाखाली झाकलं जातं, पण त्या ओळीला काहीच एरर येत नाही, बऱ्याच खाली तुम्ही लिस्ट फंक्शन वापरायला जाता तेव्हा टाइपएरर येतो की लिस्ट ऑब्जेक्ट कॉलेबल नाही (म्हणजे फंक्शनसारखं चालवता येत नाही), आणि आपण त्याच ओळीकडे बघत बसतो जिथे काही चुकलेलंच नसतं. सम, मॅक्स, इनपुट, आयडी ह्या नावांचंही तेच. ज्युपिटर नोटबुकमधे तर ती ओळ पुसली तरी नाव मेमरीत राहतं, तेव्हा कर्नल (मागे कोड चालवणारा प्रोग्राम) रीस्टार्ट करा नाहीतर डेल लिस्ट चालवा.

फाइलला रँडम डॉट पीवाय नाव देऊ नका, रँडम हे पायथनच्याच एका मॉड्यूलचं नाव आहे. इम्पोर्ट रँडम केलं की पायथन आधी तुमच्याच फोल्डरमधे शोधतो आणि तुमचीच फाइल उचलतो!! पायथन 3.13 पासून निदान एररमधेच फाइलचं नाव बदला असं सुचवतात.

आता ज्यात सगळ्यात जास्त वेळ जातो ते, म्हणजे स्कोप : कोणतं नाव कोडमधे कुठपर्यंत चालतं ते. बाहेर काउंट = 0 आहे, फंक्शनमधे काउंट = काउंट + 1 लिहिलं, की अनबाउंडलोकलएरर. लोकांना वाटतं बाहेरचा काउंट दिसत नाहीये, पण तसं नाही, नुसता वाचला असता तर दिसला असता. फंक्शनमधे कुठेही, अगदी शेवटच्या ओळीत जरी त्या नावाला व्हॅल्यू दिली तरी पायथन कोड चालवायच्या आधीच ते नाव पूर्ण फंक्शनसाठी लोकल (फक्त त्या फंक्शनपुरतं) ठरवतो, म्हणून त्याच्या वरचा साधा प्रिंटसुद्धा फुटतो. ग्लोबल लिहून सुटतं, पण कृपया सवय लावू नका, व्हॅल्यू पॅरामीटरने आत द्या आणि रिटर्न करा. फंक्शनच्या आत फंक्शन असेल आणि बाहेरच्या फंक्शनचं नाव बदलायचं असेल तर नॉनलोकल लिहा.

जावास्क्रिप्टमधे लूपला व्हार वापरून आत सेटटाइमआउट (कोड थोड्या वेळाने चालवणारं फंक्शन) टाकून तो व्हेरिएबल छापला तर 0, 1, 2 च्या जागी तीनदा 3 येतो, कारण तिन्ही वेळा व्हेरिएबल एकच असतं. लेट वापरा, ते 2015 पासून आहे.

जावात कन्स्ट्रक्टरमधे धिस विसरून नेम = नेम लिहिलं तर पॅरामीटर स्वतःलाच असाइन होतो, ऑब्जेक्टचं फील्ड नलच (रिकामंच) राहतं आणि कोड बिनबोभाट कंपाइल होतो. सी वाल्यांनी जीसीसी कंपायलरला डब्ल्यूशॅडो फ्लॅग (एक नाव दुसऱ्याला झाकत असेल तर इशारा देणारा) वेगळा द्यावा, नेहमीच्या इशाऱ्यांच्या डब्ल्यूऑलमधे तो येत नाही.